दादाच्या गिटारची खरखर

अंबडच्या कारखान्यांना शनिवारी सुट्टी असते. बाकीचे दिवस आमच्या कॉलनीखालून एक घरघर वाहत असते. प्रेस, कॉम्प्रेसर, पाथर्डी फाट्याकडे वळणारे टेंपो, शिफ्टच्या बस, सगळ्यांची मिळून एक. ती इतकी अंगवळणी पडली आहे की ऐकूच येत नाही. शनिवारी ती थांबते तेव्हा कळतं, आठवडाभर आपण पाण्याखाली होतो. मला समजायला लागल्यापासून शनिवारची दुपार अशीच वाटत आली आहे, डोकं पाण्याबाहेर काढल्यासारखी. आणि त्या शांततेत, जेवणं आटोपून भांडी पालथी घातली की, गच्चीवर दादाची गिटार सुरू व्हायची.

मी याद्या करणारी बाई. एका कंपनीत प्रॉडक्शन प्लॅनिंग बघते. कुठला माल कधी लागेल, कुठलं मशीन कधी रिकामं होईल, हे कागदावर उतरलं की मला झोप लागते. घरीही तेच. किराणा, गॅस, औषधं, पाहुणे, सगळं क्रमवार. पण गच्चीवरचा तो आवाज सुरू झाला की पेन हातात तसंच राहायचं, आणि समोरचा पांडवलेणीचा डोंगर उन्हात थोडा वितळल्यासारखा दिसायचा. मग यादीत पुढे काय लिहायचं होतं ते आठवायचं नाही. आठवावंसंही वाटायचं नाही.

त्या आवाजाला घरात आम्ही ‘खरखर’ म्हणायचो.

गिटारच्या आधी बेंजो होता. ज्यांनी मिरवणुकीतली बेंजो पार्टी ऐकली आहे त्यांना सांगायला नको. बाकीच्यांसाठी सांगते. लांबट लाकडी पेटी, आत तारा, वर टाइपरायटरसारखी बटणं. एका हाताने बटणं दाबायची, दुसऱ्याने तारा छेडायच्या. आमच्या विहाराची अशी पार्टी होती. जयंतीच्या मिरवणुकीत हातगाडीवर बॅटरी, अँप्लिफायर आणि स्पीकरचं मोठं लाकडी खोकं दोरीने बांधलेलं असायचं. दादाला तेव्हा नुकतं मिसरूड फुटलं होतं. तो त्या खोक्यावरच बैठक मारून मांडीवरचा बेंजो वाजवायचा. गाडी चालायची, लोक नाचायचे, आणि दादा त्या खोक्यावर हत्तीवरच्या माहुतासारखा डुलायचा.

एका वर्षी उतारावर गाडी कलंडली. दादाला खरचटलं. खोक्यातल्या स्पीकरचा जो कागदी कोन असतो, आवाजाबरोबर थरथरतो तो, त्याला मात्र चांगली बोटभर चीर गेली. वडिलांनी गव्हाच्या पिठाची खळ शिजवून त्यावर वर्तमानपत्राची पट्टी चिकटवली. वाळल्यावर वाजवून पाहिलं, तर आवाजाला दाढीचे खुंट फुटले होते. पार्टीतल्या मोठ्या माणसांनी तोंडं वाकडी केली. त्यांनी नवं खोकं आणलं आणि जुनं, अँप्लिफायरसकट, आमच्या गच्चीवरच्या खोलीत येऊन पडलं.

पुढे आयटीआयला असताना दादाने एका मित्राची इलेक्ट्रिक गिटार घरी आणली, ती मग आमच्याकडेच राहिली. तिच्यासाठी वेगळा अँप्लिफायर लागतो म्हणे. आमच्याकडे होता तो हाच. मी जिन्यात बसून भूगोल पाठ करत होते. वरून आवाज आला तो कुठल्या वाद्याचा वाटलाच नाही. तापल्या तव्यावर पाण्याचा हात शिंपडावा, आणि ते तडतडणं विझायच्या ऐवजी लांबत जावं, लांबता लांबता त्याचं गाणं व्हावं, तसं काहीतरी. मी पुस्तक खाली ठेवलं. त्या धड्यातल्या नद्या मला आजही त्या आवाजासकट आठवतात.

खरखरीचे नातेवाईक जगात दुसरीकडेही आहेत, हे आम्हाला मेन रोडजवळच्या एका कॅसेटवाल्याकडे कळलं. तेव्हा कोरी कॅसेट आणि गाण्यांची यादी दिली की दुकानदार भरून द्यायचे. माझ्या आयुष्यातल्या पहिल्या याद्या त्याच. अडचण एवढीच की आम्हाला ना गाण्यांची नावं माहीत, ना गाणाऱ्यांची. दुकानावरून जाता-येता जे कानावर पडायचं त्यावरून मी लिहायचे. ‘मध्येच सगळे थांबतात आणि एकटा ढोल वाजत राहतो ते.’ ‘म्हातारा खोकल्यासारखं सुरू होतं ते.’ ‘खूप लांब, झोप येतानाचं.’

कॅसेटवाले काका चष्मा कपाळावर चढवून वाचायचे. “पोरी, ही यादी आहे की पंचनामा?”

पण नेमकं तेच गाणं भरून द्यायचे.

आमच्याकडे हे संगीत उलटंसुलटं आलं. आधी आली मधली गाणी, जड, रेटून वाजवलेली, गिटार ओरडणारी. मग कधीतरी त्यांच्या आधीची, उड्या मारणारी, ऐकताना पाय आपोआप हलवणारी. मग लांबच लांब, धुकं पसरल्यासारखी, जी ऐकता ऐकता दादा चटईवर झोपून जायचा. आणि सगळ्यांत शेवटी आला तो या सगळ्यांचा आजोबा. एक माणूस, एक साधी गिटार, आणि कण्हल्यासारखं गाणं. म्हणजे नातू आम्हाला आधी भेटले, आजोबा नंतर.

ते शेवटचं ऐकून दादाने कॅसेट मागे नेली आणि पुन्हा ऐकली. मग म्हणाला, “हा माणूस कामावरून आलाय. पाय धुवायच्या आधीच गायला बसलाय.”

काकांना थोडीफार माहिती असायची. कापसाच्या शेतात गुलाम म्हणून राबलेल्यांच्या मुला-नातवंडांनी हे गाणं काढलं, मग ते शहरात आलं, कारखान्यांच्या आवाजात ऐकू जाईना म्हणून गिटारला वीज जोडली, वीज वाढवत नेली आणि यंत्र फाटेपर्यंत नेली. सुरुवातीच्या काही वादकांनी तर मुद्दाम ब्लेडने स्पीकरला चिरा पाडल्या म्हणे, तो फाटका आवाज यावा म्हणून. दादाला हे ऐकून इतका आनंद झाला की घरी येईपर्यंत तो सायकलवर एकटाच हसत होता.

“म्हणजे आपली हातगाडी कलंडली ती बरोबर कलंडली.”

नंतर दादा अंबडला प्रेस शॉपमध्ये लागला आणि तिथे त्याला त्याचा दोस्त भेटला. मी त्यांना भाऊ म्हणते. मेंटेनन्स फिटर, मूळ मालेगावचे, यंत्रमागांच्या गल्लीत वाढलेले. “ताई, आमच्याकडे माग बंद पडला ना, की पाळण्यातली पोरं दचकून उठायची,” ते सांगायचे. त्यांच्या हातात तोच ठेका होता, न थकणारा. एक ढोल, एक हलगी आणि ऑइलचं रिकामं पिंप एवढ्या सामानावर ते दादाला साथ करायचे. शनिवारी दुपारी दोघं गच्चीवर. पिंपाचा खटाखट आणि वर तरंगणारी खरखर. शेजारी आधी भांडले, मग सरावले, मग एखाद्या शनिवारी वाजलं नाही तर “बरंय ना सगळं?” म्हणून विचारायला येऊ लागले.

दादाने केस वाढवले होते. प्रेस शॉपमध्ये ते चालण्यासारखं नव्हतं. सुपरवायझरने टोपी घालायला लावली. टोपीत मावेनात तेव्हा एका शनिवारी न्हाव्याकडे जाऊन आला आणि त्या दिवशी वाजवताना मान पूर्वीसारखीच झटकत राहिला, नसलेल्या केसांसाठी.

तो काळ कुठे संपला सांगता येत नाही. केबल आली, मग सीडी, मग मोबाइल. जी खरखर आमच्या गच्चीची खासगी गोष्ट होती ती सिनेमाच्या गाण्यांत शिरली, मोटारसायकलच्या जाहिरातींत शिरली. आमच्या कॉलनीतली मुलं आता जयंतीला बेंजोला पायाखालची खटकी जोडतात. ती दाबली की बेंजो गुरगुरतो. त्यांना ती खटकी विकत मिळते. त्यासाठी गाडी कलंडावी लागत नाही.

आता गेल्या वर्षाचं सांगते.

दादा रिटायर झाला. आयुष्यभर प्रेस शॉपमध्ये राहिला आणि निघताना कान तिथेच ठेवून आला. वहिनी म्हणायची, “आमच्या घरचा टीव्ही मी शेजारणीकडे बसून ऐकते.” कुकरची शिट्टी त्याला ऐकू येईना, दारावरची बेल ऐकू येईना. खरखरही पुसट होत चालली होती, पण कान अगदी जवळ नेला की यायची, असं तो म्हणायचा. शेवटी कानाची मशिनं घेतली. बसवणारी मुलगी हुशार होती. तिने नीट समजावलं की हे यंत्र माणसांचं बोलणं पुढे आणतं आणि गोंगाट मागे सारतं. सवय व्हायला वेळ द्या, म्हणाली. दादाने मान डोलावली. पहिल्या दिवशी तो घरभर फिरून पिशव्यांचा आवाज ऐकत होता.

त्याच सुमाराला भाचीचं लग्न ठरलं. दादाची एकुलती एक मुलगी. मुलगा पिंपळगाव बसवंतचा, द्राक्षांच्या पॅकहाउसमध्ये नोकरीला. हळद आमच्याकडे, लग्न तिकडे. मी ताबडतोब वही उघडली. डीजेच्या ओळीपाशी भाचीने माझ्या हातातलं पेनच धरलं.

“आत्या, डीजे खोड. हळदीला पप्पा वाजवणार.”

“बाई गं, तिकडची माणसं नाचणार कशावर?”

“खरखरीवर. मी पाळण्यात असल्यापासून तीच ऐकलीय. जाताना तीच ऐकून जाणार.”

दादाने मशिनं नीट बसलीत का हे बोटाने चाचपलं. “वाजवतो,” म्हणाला. एवढंच. पण त्याचा चेहरा मी पाहिला. तो शब्द त्याने हळदीपुरता दिला नव्हता.

मग आठवडाभर मी आणि वहिनी पिंपळगावला होतो, व्याह्यांकडे, कार्यालय बघायला, आहेर ठरवायला. हंगाम शेवटाला आला होता. एका सकाळी व्याहीबुवांनी पॅकहाउस दाखवलं. गार हवेत बायका द्राक्षांचे घड कातरत बसल्या होत्या, लुगड्यावर मुलांचे जुने टी-शर्ट चढवलेले. त्यांतल्या एका आजीबाईंच्या काळ्या टी-शर्टवर कवटी होती, पंख असलेली, खाली काट्याकुट्यांच्या अक्षरांत काहीतरी लिहिलेलं. दादाला असले बँड तोंडपाठ असतात. मी आजींना विचारलं, “हे काय आहे माहितीये का?”

“नातवाचं हाय. थंडीला बरं पडतं,” आजी म्हणाल्या आणि घडातला खराब मणी कातरून टाकला.

शीतगृहाची घरघर सुरू होती, कवटीचे पंख आजींच्या श्वासाबरोबर वरखाली होत होते. मी तिथे उभ्याउभ्या जरा हरवले. कुठल्या कुठे ते कापसाचं शेत, आणि कुठे हा द्राक्षाचा घड. वहिनीने कोपर मारलं तेव्हा भानावर आले.

आम्ही परतलो तेव्हा भाऊ जिन्यातून खोकं वर चढवत होते. खोक्याला नवं काळं रेक्झिन, कोपऱ्यांना पत्रे. “कार्य आहे ना घरात, ताई. मेंटेनन्स करून ठेवला. ऐन हळदीत बंद पडलं तर आब्रू कुणाची जाईल? आतून-बाहेरून नवं केलं. आता एकदम झकास शे.” मालेगावकडचं बोलणं त्यांच्या तोंडी आनंदातच यायचं. दादाने त्यांना मिठी मारली. मी वहीत खूण केली आणि आचाऱ्याला फोन लावायला आत गेले.

शनिवारी दुपारी दादा गच्चीवर गेला. भाऊ होते, वहिनी पापड वाळत घालत होती. मी खाली पत्रिकांवर नावं घालत होते, मंडपवाल्याचे फोन येत होते. दादा फार लवकर खाली आला. गिटार कव्हरमध्ये होती.

“झालं?” मी विचारलं.

“माझी गिटार कुणीतरी धुवून वाळत घातलीय,” तो म्हणाला. “स्वच्छ. कडक इस्त्री. खरखर नाहीच.”

“मशिनं काढून बघ की.”

“काढून बघितली. मग गोधडीआडून कुणी बोलावं तसं लागतं. त्यातही नाही.” तो पाटावर बसला. “ती मुलगी म्हणालीच होती. गोंगाट मागे सारते. या यंत्राने चाळीस वर्षांची माझी गिटार गोंगाटात धरली. आणि यंत्राशिवाय माझे कान गेलेलेच आहेत.”

वहिनी मागून म्हणाली, “मला तर छान वाटलं बाई. गुळगुळीत.”

दादा तिच्याकडे बघून हसला. ते हसणं मला आवडलं नाही. मग मला म्हणाला, “मॅडम, डीजे लिहा यादीत.”

“आणि पोरीला काय सांगू?”

“सांग, पप्पा दमले.”

मी लिहिलं. पण फोन केला नाही. रोज सकाळी ती ओळ बघायचे आणि खालच्या ओळीवर जायचे. भाचीने ऐकून घेतलं, वाद घातला नाही, आणि हेच वाईट होतं. ती बापाशी इकडचंतिकडचं बोलायची, मोठ्याने, तोंड त्याच्याकडे करून, जसं म्हाताऱ्या माणसाशी बोलतात तसं. दादाने गिटार कपाटावर टाकली. भाऊ एकदा हलगी घेऊन आले, चहा पिऊन गेले. जाताना मला म्हणाले, “मेंटेनन्स आपण केलं, ताई, पण माणसाच्या कानाला पार्ट मिळत नाय.”

हळदीच्या आधीचा शनिवार. घरात कुणी नव्हतं, सगळे खरेदीला. मी जेवून जरा आडवी झाले. कॉलनीखालची घरघर थांबलेली. डोळा लागत होता आणि मी जिन्यातली ती मुलगी झाले होते, पुस्तक मांडीवर, नद्या पाठ करणारी, वरून आवाज यायची वाट बघणारी. तव्यावरचं पाणी. वडिलांच्या हातातली खळीची वाटी. आवाज येत नव्हता. मी वाट बघत होते आणि झोपेतच, कुठून कोण जाणे, कंपनीतलं एक वाक्य आलं. आमच्या लाइनवर बिघाड शोधताना मी नव्या मुलांना पहिल्या दिवशी सांगते तेच. एका वेळी एकच गोष्ट बदला. दोन बदलल्यात तर दोष कुणाचा ते कधीच कळणार नाही.

मी उठून बसले. दादाने त्याआधी वाजवलं होतं तेव्हापासून दोन गोष्टी बदलल्या होत्या. कान आणि खोकं.

कपाटावरून गिटार काढली, वर गेले. वायर जोडली. मला वाजवता येत नाही. बटण फिरवलं आणि सगळ्यांत जाड तार नुसती ओढली.

काचेच्या पेल्यावर चमचा वाजावा तसा आवाज आला. गोल, नितळ, सुंदर. त्यात एक खुंटही नव्हता. माझे कान तर चांगले आहेत.

मी परत ओढली. परत तसाच. त्या उन्हात एकटीच हसत उभी राहिले. आमचं खोकं बरं झालं होतं!

दादा पिशव्या घेऊन जिना चढला तेव्हा मी त्याला तसंच वर नेलं. “दादा, तुझे कान नाहीत. खोकं आहे.”

“काय?”

“खरखर मलाही येत नाहीये!” मी ओरडले. “कुणालाच येत नाहीये! भाऊंनी फाटका कोन बदलला असणार!”

दादाने पिशव्या खाली ठेवल्या. मग त्याने खोक्यावर हात ठेवला, गाईच्या पाठीवर ठेवतात तसा. “बोलव त्याला.”

भाऊ आले ते टूलबॅग घेऊनच. ऐकल्यावर त्यांचं तोंड उतरलं. “कोन? बदलला ना! फाटला होता. कागद लावलेला होता, ताई, पेपरचा कागद! असलं जुगाड पाहुण्यांसमोर ठेवू? मी म्हटलं, दोस्ताला ऐकू कमी येतं, आवाज तरी साफ देऊ. रिपेअरवाल्याकडे उभा राहून बसवला मी.”

“एवढी वर्षं माझ्याबरोबर वाजवतोस आणि तुला कळलं नाही?” दादा म्हणाला.

“मला वाटलं, तू बोटांनी काढतोस ती!”

दादा हसायला लागला. इतक्या दिवसांनी. वहिनी वर आली, भाची वर आली, आणि सगळ्यांना सांगता सांगता भाऊच जास्त हसायला लागले, डोळे पुसत.

“जुना कोन कुठाय?” भाचीने विचारलं.

जुना होता. काम पक्कं झाल्याची खात्री होईपर्यंत काढलेला पार्ट फेकायचा नाही, ही मेंटेनन्सवाल्यांची सवय. भाऊंनी घरून तो आणला. काढताना कापून काढलेला, आता कुठेच बसला नसता. वडिलांची पट्टी अजून त्याला चिकटलेली होती, पिवळी पडलेली. दादाने ती उजेडात धरली, एखादं अक्षर लागतं का पाहिलं आणि बाजूला ठेवली.

“मग नवीन फाडायचा,” तो म्हणाला. “काका म्हणाले होते ना, आठवतं? ब्लेडने.”

खोक्याची जाळी काढली. काळाभोर, घट्ट, कोरा कोन. दादाने ब्लेड भाऊंपुढे धरलं. भाऊ दोन पावलं मागे सरकले.

“मी नाय. आयुष्यभर फाटलेलं जोडत आलो, यार. चांगला पार्ट हाताने फाडू? माझ्याच्याने होणार नाय.” आणि ते खरोखरच पाठ करून पांडवलेणीकडे तोंड करून उभे राहिले.

दादाने स्वतःच चीर घातली. बोटभर. कागद फाटतानाचा तो बारीक आवाज त्याला ऐकू आला नाही, पण आम्हा बाकीच्यांच्या अंगावर काटा आला. वहिनी खाली जाऊन खळ शिजवून आली. भाचीने त्या दिवशीच्या पेपरची पट्टी फाडली. मग वाळायची वाट बघणं. ऊन उतरत होतं, पापडांच्या सावल्या चटईवर लांबत होत्या, आणि आम्ही त्या उघड्या खोक्याभोवती असे बसलो होतो जसं काही आत कुणी झोपलेलं आहे.

दादाने पहिला सूर लावला.

आली. अगदी जुनी नव्हे. थोडी कोवळी, जरा उथळ, नव्या दाढीसारखी. पण खरखरच. भाचीने दोन्ही हात तोंडावर नेले. भाऊंनी मान वळवली.

दादा मात्र कान टवकारून बसला होता. “येतेय,” तो म्हणाला, “येतेय आणि ही बया गिळतेय.” त्याने कानातली मशिनं काढून माझ्या हातावर ठेवली. परत वाजवलं. मान हलवली. “आता नुसता ढोल वाजल्यासारखं. वरचं नाही.”

आम्ही एकमेकांकडे बघितलं. म्हणजे कानांचाही दोष होताच. सगळाच खोक्याचा नव्हता. मी मशिनं परत द्यायला हात पुढे केला. तेवढ्यात दादा उठला, जाळी लावली, गिटारची वायर सैल केली आणि खोक्यावर जाऊन बसला. बैठक मारून, हातगाडीवर बसायचा तसा. सूर छेडला.

त्याचे डोळे मिटले.

“आहे,” तो म्हणाला.

“ऐकू येतेय?” भाची ओरडली.

त्याला ते ऐकू आलं नसावं, पण तिच्या तोंडाकडे बघून कळलं असावं. “कानातून नाही गं. खालून येतेय. बुडाखालून!” वहिनीने कपाळावर हात मारला. “सगळी आहे. पाठीच्या कण्यातून वर चढतेय.” आणि तो वाजवत राहिला. भाऊंनी पिंप सरळ केलं.

मी डीजेची ओळ खोडली.

हळदीला पिंपळगावचे पाहुणे आले, कॉलनी जमली. मांडवात दादा खोक्यावर बसलेला, कपाळाला हळद, हातांना हळद, गिटारच्या तारांनाही थोडी. मशिनं डबीत, डबी माझ्या पर्समध्ये. एक विहीणबाई वहिनीच्या कानाशी लागल्या, “स्पीकर फाटलाय वाटतं तुमचा.”

“हो ना,” वहिनी म्हणाली. “मुद्दाम फाडलाय.”

पाहुणे आधी थबकले. मग भाऊंचा मागाचा ठेका सुरू झाला आणि त्यावर कुणालाही नाचता येतं. भाची पाटावरून उठली, हळदीच्या ओल्या पावलांनी बापासमोर नाचायला लागली. मी वहीत ठरवलेल्या वेळा मघाशीच हुकल्या होत्या. आचारी मांडवाच्या कडेला येऊन मला खुणा करत होता.

“ताई, थांबवा यांना,” वहिनी म्हणाली. “जेवणं गार होतायत.”

कसं थांबवणार? हाका मारून उपयोग नव्हता, त्याला ऐकू येत नव्हतं. जवळ जाऊन खांद्याला हात लावावा लागला असता. दोघा-तिघांनी समोर जाऊन हात हलवले, त्याला वाटलं आणखी एक हवंय. भाचीने वाकून त्याच्या कानात काहीतरी सांगितलं. तेही त्याला कळलं नाही. तो तिच्याकडे बघून हसला, मान झटकली, नसलेले केस मागे गेले, आणि पुढचं सुरू केलं. मध्येच सगळे थांबतात आणि एकटा ढोल वाजत राहतो, ते.

आचाऱ्याने पुन्हा खूण केली. मी पर्स मांडीवर घट्ट धरून बसून राहिले.